कार्ड वाचणारे यंत्र आणि त्याचा दुभाषा

जन्मभर अंगठा उठवलेल्या माणसाला विचारा, सही करता येणे म्हणजे काय. आमच्या मजूर संस्थेचे चेअरमन काका पंचावन्नाव्या वर्षी सही शिकले. काशी गावातल्या रात्रीच्या वर्गात ते पाटी घेऊन बसत. सहा महिन्यांत नाव लिहू लागले. ज्या दिवशी बँकेच्या चेकवर पहिली सही केली, त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले.

आणि मग एके दिवशी त्यांना सांगण्यात आले, "काका, या कामाला तुमची हातची सही चालणार नाही. संगणकातली सही लागेल."

आता संगणकात सही कशी करायची? त्याचीच ही गोष्ट. गोष्टीत थोडी आमची फजितीही आहे. तीही सांगतो. फजिती सांगितली की माणूस लवकर शिकतो, असे मला वाटते.

आमचे गाव मीरा रोडला लागून. पूर्वी इथे मीरा, काशी, घोडबंदर, नवघर, भाईंदर अशा वेगवेगळ्या ग्रामपंचायती होत्या. भाताची शेते होती, खाडीकडेला मिठागरे होती. १९८५ साली या ग्रामपंचायती एक होऊन नगरपरिषद झाली. २००२ साली महानगरपालिका झाली. शेतांच्या जागी इमारती उठल्या. पण गटार खणणारे, रस्त्यावर खडी पसरणारे हात तेच राहिले. अशा हातांनी मिळून काढलेली आमची मजूर सहकारी संस्था. काम मिळाले तर चाळीस घरांत चूल पेटते.

काम मिळवायचे तर निविदा भरावी लागते. आपण टेंडर म्हणतो ते. पूर्वी टेंडर बंद पाकिटात घालून, लाखेचे सील करून पेटीत टाकायचे. आता ठरावीक रकमेच्या वरच्या सरकारी कामांची निविदा संगणकावरून भरतात. पाकिटावरच्या सहीच्या जागी डिजिटल सही आली. देशात अशा सहीला कायद्याने मान आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला आणि त्या वर्षी १७ ऑक्टोबरपासून तो लागू झाला.

ही सही नुसती टेंडरवाल्यांची नाही. तुमच्या सातबाऱ्यावरही ती असते. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्याच्यामागे तलाठी भाऊसाहेबांची सही असते. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफाराची नोंद करताना ते लॅपटॉपला एक बोटाएवढी दांडी लावतात. तुम्ही कधी कचेरीत गेला असाल तर पाहिलीही असेल. त्या दांडीला टोकन म्हणतात. दाखल्यांवर तहसीलदारांची सही होते, तीही याच रीतीने.

कार्डात काय असते

आधी कार्ड समजून घेऊ. बँकेचे कार्ड हातात घ्या. एका बाजूला सोनेरी रंगाचा छोटा चौकोन दिसेल. त्यावर बारीक रेघा आहेत. त्या रेघांनी चौकोनाचे तुकडे पडले आहेत. प्रत्येक तुकडा म्हणजे एक जोड. कार्डाच्या आंतरराष्ट्रीय नियमात असे आठ जोड सांगितले आहेत. काही कार्डांवर सहाच असतात. एका जोडातून कार्डाला वीज मिळते. एकातून ताल मिळतो. लेझीम खेळताना हलगी ताल देते ना, तसा. एका जोडाने कार्डाला जागे करतात. आणि एका जोडातून बोलणे चालते. सवालही त्यातूनच, जबाबही त्यातूनच.

सोनेरी चौकोनाच्या खाली तांदळाच्या कणीसारखी एक चकती असते. तिला चिप म्हणतात. ती चकती म्हणजे एक छोटा संगणकच. त्यात थोडी आठवण आहे, थोडे गणित आहे. फ्रान्समधल्या रोलाँ मोरेनो या माणसाने १९७४ साली आठवण ठेवणाऱ्या अशा कार्डाचा हक्क नोंदवला. त्याच्या आधी जर्मनीतही लोक या कल्पनेवर काम करत होते. फ्रान्समध्ये पुढे टेलिफोनसाठी अशी कार्डे खूप चालली.

आपल्याकडेही ही कार्डे गावोगाव आली. गाडी चालवण्याच्या परवान्यात चिप आली. त्या कार्डासाठी आपल्या देशाने स्वतःचा नियम बनवला. कानपूरची आयआयटी आणि सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी तो तयार केला. २००८ साली गरीब कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना निघाली. तिचे कार्डही चिपचेच होते. ती योजना आता नाही. २००८ च्याच नोव्हेंबरात मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बोटांच्या ठशांसह ओळखपत्रे देण्याची योजना आली. आमच्या उत्तन, पाली, चौक भागांतले कोळी बांधव ओळखपत्राशिवाय समुद्रात जाण्यातली अडचण चांगली जाणतात.

कार्ड मुके असते. त्याला स्वतःची वीज नाही. नुसते हातात धरून ते काही सांगत नाही. म्हणून त्याला वाचणारे यंत्र लागते. त्याला कार्ड रीडर म्हणतात. खाच असलेली छोटी डबी. खाचेत कार्ड सरकवायचे, डबीची वायर संगणकाला लावायची. डबी कार्डाला वीज देते आणि जागे करते. जागे झाल्याबरोबर कार्ड काही आकडे सांगते. मी अमुक जातीचे, माझ्याशी अमुक वेगाने बोला, असा त्याचा अर्थ. म्हणजे पाहुणा दारात आल्यावर आधी गाव नि आडनाव सांगतो, तसेच.

सहीच्या टोकनात कार्ड आणि रीडर दोन्ही एकाच दांडीत बसवलेले असतात. बाहेरून पेनड्राइव्हसारखे दिसते. पण पेनड्राइव्हमधले गाणे तुम्ही दुसरीकडे उतरवून घेऊ शकता. टोकनमधली सहीची गुप्त किल्ली उतरवता येत नाही. ती चिपच्या आत राहते. सहीचे गणित आतच होते. बाहेर येते ते फक्त उत्तर.

वायरीतली ओळखपरेड

संगणकाला जी चपटी खाच असते, जिच्यात माऊस, पेनड्राइव्ह, मोबाईलची वायर सगळे बसते, तिला यूएसबी म्हणतात. पूर्वी प्रत्येक वस्तूची खाच निराळी होती. माऊसची गोल, छपाईयंत्राची लांब. लोकांचा फार गोंधळ व्हायचा. १९९६ साली यूएसबीचा पहिला नियम आला आणि सगळ्यांना एक खाच झाली. हे काम इंटेल कंपनीत झाले. त्यात अजय भट्ट यांचा मोठा वाटा आहे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. सयाजीराव महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे, शेतकऱ्याच्या घरचे. बडोद्याला दत्तक गेले आणि त्यांनी आपल्या राज्यात शिक्षण सक्तीचे केले. हे थोडे विषय सोडून झाले, पण मला ते आठवल्यावाचून राहवत नाही.

साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. यंत्र लावले की संगणक विचारतो, "तू कोण?" यंत्र आपली माहिती सांगते. त्यात दोन क्रमांक असतात. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा मालाचा. जमिनीला जसे गावाचे नाव आणि गट नंबर, तसे हे समजा. गाव कळले आणि गट नंबर कळला की तुकडा चुकत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्राची जात सांगणारा क्रमांक. हा मी माऊसच्या जातीचा, हा मी साठवणीच्या जातीचा, हा मी कार्ड रीडरच्या जातीचा.

इथेच आपला दुभाषा येतो.

संगणकाच्या आत एक मुख्य कारभारी असतो. बहुतेक ठिकाणी त्याचे नाव विंडोज. काही ठिकाणी लिनक्स, काही ठिकाणी मॅक. आता हा कारभारी सगळ्या यंत्रांच्या भाषा जाणत नाही. रोज नवी यंत्रे निघतात. म्हणून प्रत्येक जातीच्या यंत्राशी बोलायला एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नाव ऐकून आमच्या काकांना आधी ट्रकचा ड्रायव्हरच वाटला. "त्याला कशाला बोलवायचे, आपण बसने आलो," असे ते म्हणाले. हसू नका. नाव ठेवणाऱ्यांनीच घोळ केला आहे.

ड्रायव्हर म्हणजे वस्तू नव्हे. तो सूचनांचा एक गठ्ठा आहे. या रीडरला जागे कसे करावे, त्याचा जबाब कसा वाचावा, तो रुसला तर काय करावे, हे त्यात लिहिलेले असते. हा गठ्ठा संगणकात बसवणे म्हणजे ड्रायव्हर इन्स्टॉल करणे.

कार्ड रीडर बनवणाऱ्या पुष्कळ कंपन्यांनी मिळून एक सामायिक बोली ठरवली आहे. तिला सीसीआयडी म्हणतात. ज्या रीडरला ही बोली येते, त्याला वेगळा दुभाषा आणावा लागत नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांकडेही त्या बोलीचा दुभाषा आधीच असतो किंवा सहज मिळतो. रीडर लावला, अर्धा मिनिट थांबले की काम होते. ज्याला ही बोली येत नाही, त्याचा दुभाषा मात्र त्याच्या कंपनीकडूनच आणावा लागतो. म्हणून रीडर विकत घेताना दुकानदाराला विचारा, "हा सीसीआयडी आहे का?" हा एक प्रश्न पुढचा बराच ताप वाचवतो. आधीच विकत घेतला असेल तर खोक्यावर पाहा.

टोकनच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. त्याला दोन माणसे लागतात. पहिला दुभाषा, तो आतल्या रीडरशी बोलतो. दुसरा म्हणजे टोकन कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम. तो पिन विचारतो, सहीचे प्रमाणपत्र उघडून दाखवतो, सही करायला लावतो. पहिला बसला आणि दुसरा नसला, तर संगणक म्हणतो की टोकन सापडले आहे, पण टेंडरच्या पानावर तुमचे नावच येत नाही. आमची गाडी इथेच अडली होती.

आमची फजिती

टेंडरची मुदत दुपारी पाच वाजेपर्यंत होती. चेअरमन काका, आमचा एक पोरगा आणि मी दोन वाजता स्टेशनजवळच्या एका संगणकाच्या दुकानात पोचलो. आदल्या दिवशी यायला हवे होते. पण आदल्या दिवशी सगळे नाक्यावरच्या कामावर होते. मजुराचा दिवस मोडला तर मजुरी मोडते.

दुकानातल्या मुलाने टोकन लावले. दिवा लागला. पानावर काहीच आले नाही. त्याने दुसऱ्या खाचेत लावून पाहिले. मग तो म्हणाला, "ड्रायव्हर नाहीये, काका. थांबा, उतरवून घेतो." त्याने शोधाच्या पानावर टोकनचे नाव टाकले आणि सगळ्यात वर आलेल्या ओळीवर बोट मारले. हिरवे मोठे बटण होते. त्याने ते दाबले. काहीतरी उतरले. ते चालवल्यावर टोकन सुरू झाले नाहीच, पण पडद्यावर एकामागून एक जाहिराती उघडू लागल्या. संगणक मंद झाला. त्यात चाळीस मिनिटे गेली.

सगळ्यात वरची ओळ पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. ड्रायव्हर देतो म्हणून सांगणारी भलतीच दुकाने तिथे बसलेली असतात. ड्रायव्हर हा कारभाऱ्याच्या अगदी जवळ बसणारा माणूस. तिथे चोर बसवला तर तो घरातले सगळे पाहील. म्हणून विंडोजच्या चौसष्ट बिटच्या संगणकात सही नसलेला असा गाभ्यातला ड्रायव्हर सहसा बसूच देत नाहीत. म्हणजे बघा, दुभाषालाही सही लागते. कोणी सांगितले की हे राखण बंद करा, मगच ड्रायव्हर बसेल, तर त्याचे ऐकू नका.

तेवढ्यात त्या मुलाने आणखी एक गोष्ट केली. "पिन सांगा काका," असे तो मोठ्याने म्हणाला. काकांनी टोपीतून चिठ्ठी काढली आणि दुकानभर ऐकू जाईल असा पिन वाचून दाखवला. त्यांचा दोष नाही. नुकतेच वाचायला शिकलेला माणूस आकडे मोठ्यानेच वाचतो. मी मात्र गप्प राहिलो, ते माझे चुकले.

मग आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. तिथली बाई शहाणी होती. तिने टोकन लावले आणि म्हणाली, "ताईदादांनो, ड्रायव्हर बाहेर कशाला शोधता? तो टोकनच्या पोटात आहे." तिने फाइलींची खिडकी उघडली. तिथे एका तबकडीचे चित्र दिसत होते. बऱ्याच टोकनांत कंपनीने आपला प्रोग्राम आतच ठेवलेला असतो आणि संगणकाला तो सीडीच्या तबकडीसारखा दिसतो. तिने ते उघडले, सेटअप चालवला, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. टोकन बोलू लागले. प्रमाणपत्रावर काकांचे नाव आले. काकांनी ते नाव अक्षर अक्षर लावून वाचले.

पण पाच वाजून तीन मिनिटे झाली होती. टेंडरची वेळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळावर चालत नाही. ती त्यांच्याकडच्या संगणकाच्या घड्याळावर चालते. ते घड्याळ कोणाचे मुलाहिजे ठेवत नाही. दार बंद झाले होते. ते काम आमच्या हातून गेले. नाल्याच्या सफाईचे होते. दीड महिन्याची मजुरी होती.

ड्रायव्हर कसा बसवावा

त्या दिवसानंतर आम्ही रीतसर शिकलो. जे शिकलो ते इथे देतो. संगणक दुकानाचा असो की संस्थेचा, रीत एकच आहे.

आधी संगणकाची माहिती घ्या. विंडोज कोणता आहे ते पाहा. बत्तीस बिटचा की चौसष्ट बिटचा तेही पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे अबाउट, या पानावर हे लिहिलेले असते. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला बसत नाही. बैलाचे जू घोड्याला कसे बसेल? विंडोज १० ला कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे फुकट दुरुस्तीचे गठ्ठे देणे थांबवले. तो संगणक बंद पडत नाही. पण सहीसारख्या कामाला नवा विंडोज असलेले यंत्र बरे.

काही कंपन्यांच्या कागदावर लिहिलेले असते की प्रोग्राम बसवून झाल्यावरच यंत्र लावा. काहींच्या कागदावर उलटे असते. म्हणून खोक्यातला कागद फेकू नका. आम्ही फेकला होता.

ड्रायव्हर घ्यायचा तो तीनच ठिकाणांहून घ्या. टोकनच्या पोटातून, विंडोजच्या स्वतःच्या अपडेटमधून, नाहीतर ज्या कंपनीचे नाव दांडीवर छापले आहे तिच्या किंवा ज्यांनी सही विकली त्यांच्या संकेतस्थळावरून. पत्ता कागदावर छापलेला असतो. तो अक्षर अक्षर पाहून टाइप करा. वाचता येऊ लागल्याचा हा मोठा उपयोग आहे.

प्रोग्राम बसवताना संगणक विचारतो, "याला बदल करू द्यायचा का?" तिथे कंपनीचे नाव लिहिलेले असते. ते नाव ओळखीचे असेल तरच होय म्हणा. दुकानाच्या संगणकावर इथे मालकाचा पासवर्ड लागतो. मालक समोर हवा.

बसला की नाही हे कसे ओळखावे? खाली डाव्या बाजूला किंवा मधोमध विंडोजचे चिन्ह असते. त्यावर माऊसचे उजवे बटण दाबा. यादीत डिव्हाइस मॅनेजर असे नाव येते. ते उघडा. ही संगणकाला लावलेल्या सगळ्या यंत्रांची हजेरी आहे. तिथे स्मार्ट कार्ड रीडर्स अशी ओळ शोधा. तिच्याखाली तुमच्या रीडरचे नाव असेल तर दुभाषा कामावर आला. नावाच्या जागी अननोन डिव्हाइस आले, किंवा पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसले, तर यंत्र पोचले आहे पण दुभाषा नाही. त्या ओळीवर दोनदा दाबले, डिटेल्समध्ये गेले आणि हार्डवेअर आयडी निवडले की ते दोन क्रमांक दिसतात. गाव आणि गट नंबर. ते वहीत उतरवून घ्या. फोनवर मदत मागताना ते दोन क्रमांक सांगितले की समोरच्याला लगेच कळते. "काळी दांडी आहे, निळा दिवा आहे" असे सांगून काही होत नाही. काळ्या दांड्या शेकडो आहेत.

यादीत काहीच आले नाही, पिवळा त्रिकोणही नाही, तर दोष ड्रायव्हरचा नाही. यंत्र संगणकापर्यंत पोचलेच नाही. मग खाच बदला. संगणकाच्या पुढच्या खाचा पुष्कळदा ढिल्या झालेल्या असतात. मागची वापरा. मध्ये जोडपट्टी असेल तर ती काढून सरळ लावा. आमच्याकडे खाडीची खारी हवा आहे. लोखंडी फाटकाला गंज चढतो, तसा धातूच्या जोडांवरही मळ चढतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा. पाणी लावू नका. डबीच्या रीडरमध्ये कार्ड उलटे घातले तरी असेच होते. डबीवर बाणाचे चित्र असते. सोनेरी चौकोन कोणत्या बाजूला हवा ते त्यात दाखवलेले असते.

रीडरचे नाव दिसते, तरी टोकन उघडत नाही? मग दुसरा माणूस, म्हणजे टोकन कंपनीचा प्रोग्राम, बसलेला नाही. किंवा विंडोजची स्मार्ट कार्ड नावाची चाकरी बंद आहे. संगणक एकदा बंद करून चालू केला की ती पुष्कळदा सुरू होते. एकाच संगणकावर तीन-चार कंपन्यांच्या टोकनांचे प्रोग्राम बसवलेले असतील, तर ते एकमेकांत भांडतात. टेंडर भरणाऱ्या दुकानांत हे फार दिसते. काही संकेतस्थळांना सही लावण्यासाठी आणखी एक छोटा प्रोग्राम लागतो. तो त्याच संकेतस्थळावर मिळतो. तोही आदल्या दिवशी बसवून ठेवावा.

लिनक्स असेल तर रीत थोडी वेगळी. आपल्या देशाचा बॉस नावाचा लिनक्स आहे. तो सी-डॅक या सरकारी संस्थेने केला. ही संस्था १९८८ साली पुण्यात उभी राहिली. लिनक्समध्ये कार्ड रीडरचे काम पीसीएससीडी नावाचा एक चाकर पाहतो. तो आणि सीसीआयडीचा दुभाषा, हे दोन गठ्ठे लिनक्सच्या स्वतःच्या कोठारातून बसवतात. तिथे बाहेरच्या दुकानात जायचे कामच नाही. पण टोकन कंपनीचा प्रोग्राम लिनक्ससाठी निघाला आहे का, ते आधी विचारा. मॅकमध्येही सीसीआयडीचा दुभाषा घरचाच असतो. तिथेही प्रश्न त्या दुसऱ्या प्रोग्रामचाच. आमच्या भागातल्या दुकानांत मॅक मी फारसा पाहिला नाही.

पिनची गोष्ट

टोकनचा पिन ठरावीक वेळा चुकला की टोकनला कुलूप बसते. किती वेळा, हे प्रत्येक टोकनचे निराळे असते. म्हणून अंदाजाने आकडे मारत बसू नका. दोनदा चुकला की थांबा, चष्मा लावा, मग टाका.

कुलूप बसल्यावर कोणी म्हणेल, "इनिशियलाइज करू, नवे होईल." त्या बटणाला हात लावू देऊ नका. त्याने टोकन खरेच नवे होते, म्हणजे आतली सही पुसली जाते. गुप्त किल्लीची दुसरी प्रत कुठेच नसते. मग पुन्हा ओळख पटवा, पुन्हा पैसे भरा, नवी सही घ्या. सहीच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. एक, दोन किंवा तीन वर्षांची. मुदत संपल्यावर टोकनचा दिवा लागतो, नाव दिसते, पण सही धरली जात नाही. लोक ड्रायव्हरला नावे ठेवतात. प्रमाणपत्र उघडून आधी तारीख वाचा.

टोकन आणि पिन दोन्ही दुकानात ठेवून येणारे पुष्कळ आहेत. "आमच्या पोराकडेच असते ते," असे कौतुकाने सांगतात. कोऱ्या कागदावर सह्या करून त्याची चळत दुकानदाराकडे ठेवाल का? हे तसेच झाले. त्या दांडीने केलेली सही तुमचीच धरली जाते. किल्ली आपल्या ताब्यात नीट सांभाळणे हे सहीच्या मालकाचे काम आहे, असे कायद्याच्या ४२ व्या कलमात सांगितले आहे. दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला ६६ क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शिक्षा नंतरची. कर्ज किंवा करार आधीच तुमच्या नावावर झालेला असतो.

आमच्या काकांनी त्या फजितीनंतर घरी आल्या आल्या चिठ्ठी चुलीत टाकली. दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या दुकानात जाऊन पिन बदलला. बदलताना बाईंनी तोंड फिरवले आणि आम्हालाही बाहेर उभे केले. नवा पिन काय आहे तो मला आजही माहीत नाही.

पुढचे टेंडर पावसाळ्यानंतर आले. रस्त्याच्या कडेच्या गटाराचे. मुदत शुक्रवारी पाचची होती. आम्ही बुधवारी सकाळी गेलो. एका गड्याचा अर्धा दिवस मोडला, त्याची मजुरी संस्थेने दिली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रीडरचे नाव काकांनी स्वतः शोधले. इंग्रजी अक्षरे त्यांना येत नाहीत, पण वहीत चित्रासारखी उतरवून आणली होती. ती जुळवून ते म्हणाले, "हे बघ, आलाय." मग पडद्यावर पिनची चौकट आली. काकांनी एका हाताने फळीवर आडोसा धरला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने सावकाश एकेक आकडा दाबला. टोकनचा दिवा लुकलुकला. थोड्या वेळाने पावती छापून आली. त्यावर बुधवारची तारीख होती आणि वेळ होती सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

काकांनी टोकन काढले, टोपण लावले आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. निविदा उघडायला अजून आठ दिवस होते.